प्रश्न तुमचे : दुखरी चरबी, डॉ. डर्कम आणि तासगावच्या आत्या

दोन अंकांपूर्वी चरबीच्या गाठींवरच्या एका पत्राला उत्तर देताना मी शेवटी एक ओळ लिहिली होती : या गाठी बहुतेकदा दुखत नाहीत, पण डर्कमचा आजार म्हणून एक विरळा प्रकार आहे, त्यात अंगावरची चरबीच दुखते. त्या एका ओळीवर बरीच पत्रं आली. त्यातली तीन इथे घेते आहे. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्यातला प्रश्नही मोठा, म्हणून त्याला जागा जास्त देते.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचं वय ५३. पाळी बंद झाल्यापासून अंग सुटत गेलं आणि दोन्ही दंडांवर, कमरेच्या वर, मांड्यांच्या आतल्या बाजूला गाठी यायला लागल्या. काही बोराएवढ्या आहेत, काही हाताला नीट लागतही नाहीत. पण दुखतात फार. आत्या बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायच्या. आता दिवसभर मांडी घालून बसवत नाही म्हणून सोडलं. नातू पळत येऊन मांडीवर बसला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. ब्लाउजची बाही जरा घट्ट झाली तरी संध्याकाळपर्यंत दंडाची आग होते. हळदीचा लेप झाला, शेक झाला. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, एक गाठ काढून तपासायला पाठवली. साधी चरबी आहे असा रिपोर्ट आला. 'चरबीच्या गाठी दुखत नसतात, वजन कमी करा, मन कशात तरी गुंतवा,' असं सांगून परत पाठवलं. मग घरात आणि भावकीतही सुरू झालं, की काम नको म्हणून सोंग करते. तुमची ती ओळ वाचून मी अंक घेऊन त्यांना मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि कागदावर डर्कम असंच लिहिलं. आमचे दीर म्हणतात की हा आजार शंभर वर्षांपूर्वीच सापडलाय. मग आत्यांना इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही? तो सापडला तरी कसा? आणि रिपोर्टमध्ये साधी चरबी आहे तर ती दुखते कशी?

उत्तर : ताई, हे उत्तर आधी घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. आत्यांचं दुखणं खरं आहे. रिपोर्ट साधा आला म्हणून ते खोटं ठरत नाही. या आजारात काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी बहुतेकदा साधी चरबीच दिसते. रक्ताची अशी एकही तपासणी नाही की जी करून 'हो, हाच तो' म्हणता येईल. निदान होतं ते रुग्णाचं ऐकून आणि हाताने तपासून. हा आजार पहिल्यांदा सापडला तोही असाच.

गोष्ट अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातली, साल १८८८. फ्रान्सिस झेवियर डर्कम नावाचे डॉक्टर, तेव्हा जेमतेम बत्तिशीचे, मज्जासंस्थेच्या आजारांवर काम करत होते. त्यांच्यासमोर एक ५१ वर्षांची विधवा बाई आली, मूळची आयर्लंडची. तिच्या दंडांवर आणि पाठीवर चरबीचे मोठाले थर साचले होते. चेहरा आणि हाताचे पंजे मात्र जसेच्या तसे. या चरबीत विलक्षण दुखत होतं, दाबलं की जास्तच. डर्कम यांनी हात लावून पाहिलं तर काही ठिकाणी कातडीखाली किड्यांचा पुंजका असावा तसं लागत होतं, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे.

इथे जरा थांबून तुम्हाला त्या वर्षाची कल्पना देते. क्ष-किरण १८९५ मध्ये रंटगेन यांना सापडले, म्हणजे अजून सात वर्षं होती. सोनोग्राफी, एमआरआय, थायरॉइडची रक्ततपासणी, यातलं काहीही नव्हतं. आपल्या मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं हॉस्पिटल उभं राहिलं ते १८९४ मध्ये. डॉक्टरकडे कान, डोळे आणि दहा बोटं, एवढंच होतं.

लठ्ठ बाई समोर आल्यावर 'खाणं कमी करा' सांगून मोकळं होणं तेव्हाही सोपं होतं. चरबीच्या गाठी तर शल्यविशारद पिढ्यान्‌पिढ्या पाहत आणि कापत आले होते. डर्कम यांचा विषय मज्जातंतूंचा, त्यामुळे त्यांची विचारपूस वेगळी होती. कुठे दुखतं, कसं दुखतं, चमक येते की आग होते, स्पर्श नीट कळतो का, ताकद किती आहे, घाम येतो का, थकवा केव्हापासून आहे, हे विचारायची आणि लिहून ठेवायची त्यांना सवय होती. माझं स्पष्ट मत आहे की हा आजार चरबीच्या डॉक्टरला न सापडता मज्जासंस्थेच्या डॉक्टरला सापडला, त्याचं कारण हे आहे. इतरांची नजर गाठीवर होती आणि डर्कम यांनी दुखण्याची चौकशी केली.

पण तो वेगळा आजार आहे असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटतो तो यामुळेच. त्या काळात वैद्यक जगतात मिक्सिडिमाची चर्चा जोरात होती. थायरॉइड ग्रंथी काम करेनाशी झाली की अंग सुजल्यासारखं होतं, कातडी कोरडी पडते, माणूस मंदावतो, तो हा आजार. लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ मध्ये अशा बायकांचं वर्णन केलं होतं. विल्यम ऑर्ड यांनी १८७८ मध्ये त्याला नाव दिलं. आणि नेमक्या १८८८ मध्येच लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीचा त्यावरचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यामुळे फुगलेल्या अंगाची बाई समोर आली की कुणाही अभ्यासू डॉक्टरच्या मनात आधी मिक्सिडिमाच येणार. डर्कम यांच्याही आला. त्यांच्या १८८८च्या लेखाच्या शीर्षकातच दंड आणि पाठीवरच्या कातडीखालच्या ऊतीचा बिघाड आणि मिक्सिडिमाशी मिळतीजुळती लक्षणं असं म्हटलेलं आहे.

पुढची चार वर्षं महत्त्वाची आहेत. मधल्या काळात, १८९१ मध्ये, हेन्री नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांनीही अशाच एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. १८९२ मध्ये डर्कम यांनी तीन बायकांची हकिगत एकत्र मांडली. ताडून पाहिल्यावर फरक उघड होत गेला. मिक्सिडिमात चेहरा सुजतो, ओठ जाड होतात, हाताचे पंजे फुगतात. या बायकांचे चेहरे आणि पंजे मोकळे होते. मिक्सिडिमाची सूज अशी दुखत नाही. इथे दुखणं हीच मुख्य तक्रार. अमेरिकन जर्नल ऑफ द मेडिकल सायन्सेसमधल्या त्या लेखाच्या लांबलचक शीर्षकाचा आशय असा : आजवर कुठल्याच वर्गात न बसलेला, वरवर लठ्ठपणासारखा दिसणारा, पण मज्जातंतूंची खास लक्षणं असलेला विकार. शेवटी त्यांनी त्याला लॅटिन नाव दिलं, ॲडिपोसिस डोलोरोसा, म्हणजे दुखरी चरबी. पुढे इतर डॉक्टर त्याला डर्कमचा आजार म्हणू लागले.

तीन रुग्णांवर नवा आजार जाहीर करणं धाडसाचं होतं. पण ते लठ्ठपणाचाच भाग म्हणून सोडून दिलं असतं, तर पुढच्या डॉक्टरांना ताडून पाहायला काही मिळालंच नसतं. नाव मिळाल्यावर दहा वर्षांच्या आत अमेरिकेतून आणि युरोपातून तशाच रुग्णांच्या नोंदी यायला लागल्या.

'दुखते कशी' हा तुमचा प्रश्न डर्कम यांचाही होता. मरण पावलेल्या रुग्णांची शवचिकित्सा करून ते कारण शोधत राहिले. सुरुवातीच्या रुग्णांमध्ये थायरॉइड ग्रंथीत बदल दिसले, म्हणून संशय तिकडे गेला. चरबीतल्या बारीक मज्जातंतूंभोवती दाह दिसला. १९०२ मध्ये मॅकार्थी यांच्याबरोबर केलेल्या एका शवचिकित्सेत मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ निघाली. पण यातलं काहीही सगळ्या रुग्णांत सापडलं नाही. आजही चरबीतला दाह, वाढलेल्या चरबीमुळे मज्जातंतूंवर येणारा दाब, मज्जासंस्थेचा बिघाड, अशी वेगवेगळी मतं आहेत आणि एकच कारण सिद्ध झालेलं नाही. काही घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, पण बहुतेक रुग्णांच्या घरात दुसऱ्या कुणाला नसतो. बायकांना पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त होतो आणि साधारण ३५ ते ५० या वयात सुरू होतो. आत्यांची पाळी गेली त्याच सुमारास तो वाढला, हे या चित्रात बसतं.

आता तुमचा सगळ्यात दुखरा प्रश्न : इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही.

एक कारण साधं आहे. आजार विरळा आहे आणि अभ्यासक्रमात त्याला एखाद-दुसरी ओळ मिळते. लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ, न दुखणारी असते, हे मात्र प्रत्येक विद्यार्थ्याकडून घोटून घेतलं जातं. सूत्र पाठ झालं की त्यात न बसणारी बाई खोटी वाटायला लागते.

दुसऱ्या कारणाबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण त्याने बायकांचं फार नुकसान केलं आहे. १९०१ मध्ये फ्रान्समधल्या रू आणि व्हितो या दोघांनी या आजाराची चार मुख्य लक्षणं मांडली : चरबीच्या दुखऱ्या गाठी, लठ्ठपणा, कमालीचा थकवा आणि चौथं, मानसिक बिघाड. ही चौकडी पुढे पुस्तकांतून शंभर वर्षं नकलत गेली. वर्षानुवर्षं रात्रंदिवस दुखत असेल, झोप लागत नसेल, घरचे सोंग म्हणत असतील, तर कोणाचं मन खचणार नाही? पण ते खचणं आजाराच्या व्याख्येतच घातल्यामुळे डॉक्टरला एक पळवाट मिळाली. बाई रडली की तेच लक्षण म्हणून लिहायचं आणि दुखण्याकडे बघायचंच नाही. आत्यांना 'मन गुंतवा' असं सांगितलं गेलं, त्याच्यामागे हा जुना वारसा आहे असं मी समजते. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या हॅन्सन, स्वेन्सन आणि ब्रोरसन यांनी उपलब्ध नोंदी चाळून ही व्याख्या आटोपशीर केली. आता दोनच गोष्टी पुरेशा धरल्या जातात : वाढलेलं वजन किंवा लठ्ठपणा, आणि चरबीत तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेलं दुखणं. थकवा, झोपमोड, सहज काळंनिळं पडणं, सांध्यांचं दुखणं, उदासी हे सोबत असू शकतं, असलंच पाहिजे असं नाही. माझ्या दृष्टीने गेल्या शतकभरातलं या आजाराबाबतचं हे सगळ्यात न्याय्य काम आहे.

त्यांनी प्रकारही सांगितले आहेत. काहींच्या अंगभर पसरट चरबी दुखते आणि गाठ म्हणून वेगळी लागत नाही. काहींना दंड, कंबर, मांड्या अशा ठिकाणी दुखऱ्या गाठी असतात. काहींचं दुखणं गुडघ्याच्या आतल्या बाजूसारख्या, सांध्यालगतच्या चरबीत असतं आणि ते वर्षानुवर्षं संधिवात म्हणून चालतं. आत्यांच्या काही गाठी हाताला लागतात आणि काही लागत नाहीत, हे तुम्ही नीट टिपलंत. डॉक्टरांना ते तसंच सांगा.

मिरजेत प्रॅक्टिस करत असताना कवठेमहांकाळच्या बाजूची एक भाजीवाली बाई माझ्याकडे यायची. बीपीचा पट्टा दंडाला बांधून फुगवायला लागलं की ती हात ओढून घ्यायची. नर्सला वाटायचं, नखरे करते. मी पट्टा सोडला आणि एका बोटाने दंडावर हळूहळू दाबत गेले. ठराविक जागी बोट पोचलं की तिचा श्वास अडायचा, दोन बोटं पलीकडे काहीच नाही. डोळे मिटायला लावून पुन्हा तपासलं, तरी जागा त्याच. सोंग करणाऱ्या माणसाला हे जमत नाही. मग तिला विचारलं, 'बाई, कसं दुखतं ते तुझ्या शब्दांत सांग.' ती म्हणाली, दिवसा ठणकतं, रात्री आग होते, आणि टोपली डोक्यावर घेताना दंडात कळ निघते ती पार बोटापर्यंत. एवढ्या स्पष्ट वर्णनानंतर मला यंत्राची गरज उरली नाही. तिची थायरॉइडची तपासणी मी तरीही केली, कारण दुसरा आजार सुटता कामा नये.

आता आत्यांसाठी काय करायचं. एका कागदावर माणसाची आकृती काढा, पुढून आणि मागून, आणि आत्यांना बोटाने दाखवायला सांगून दुखऱ्या जागांवर खुणा करा. कुठे ठणका, कुठे आग, कुठे चमक, कुठे नुसतं दाबल्यावर, हे त्यांच्याच शब्दांत बाजूला लिहा. काय केलं की वाढतं आणि काय केलं की उतरतं, तेही. हा कागद प्रत्येक डॉक्टरसमोर ठेवा. तपासणीच्या पाच मिनिटांत आत्या जे सांगू शकत नाहीत ते तो सांगेल.

थायरॉइड, साखर आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. त्यात काही बिघाड निघाला तर त्याचा उपचार वेगळा होईल आणि थकवा तरी कमी होईल. पूर्ण बरं करणारं औषध आज नाही, हे मी लपवत नाही. पण दुखणं आटोक्यात आणता येतं. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी काहींना भागतं, बऱ्याच जणांना नाही. मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधं काहींना लागू पडतात, ती वेदनातज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यावी लागतात. शिरेतून लिडोकेन (जागा बधिर करायला वापरतात ते औषध) दिल्यावर दुखणं काही काळ उतरल्याच्या नोंदी १९७०च्या दशकापासून आहेत. पण ते हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून रुग्णालयातच द्यायचं औषध आहे. एखादी गाठ फारच त्रास देत असेल तर ती काढता येते, मात्र ती त्याच जागी किंवा शेजारी पुन्हा येऊ शकते. स्वीडनमध्ये चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेने काहींना आराम पडल्याची नोंद आहे. तो पहिला उपाय मात्र नव्हे.

वजनाबद्दल सांगते. वजन उतरलं तर गुडघे, साखर आणि रक्तदाब यांना नक्की फायदा होईल, म्हणून प्रयत्न करा. पण वजन उतरलं म्हणजे दुखणं जाईल असं आश्वासन आत्यांना कुणी देऊ नये. या आजारातली चरबी आहाराला सहज दाद देत नाही, आणि वचन मोडलं की दोष पुन्हा बाईच्याच माथी येतो. चालणं सपाटीवर, थोडं थोडं. तासगावच्या पाण्याच्या टाकीत पोहायला मिळणार नाही हे मला कळतं, पण शेततळ्यात किंवा विहिरीत उतरवू नका, सांगलीत पोहण्याचा तलाव आहे तिथे बायकांची वेळ विचारा. पाण्यात अंगाचा भार हलका वाटतो. हळदीचा लेप लावायला हरकत नाही, कातडी फुटलेली नसेल तर. शेकाने बरं वाटत असेल तर द्या. मालीश करणाऱ्या बाईला मात्र गाठी रगडू देऊ नका. गाठ रगडून विरघळत नाही, उलट काळंनिळं पडून ठणका वाढतो.

आणि बाही सैल शिवून घ्या. आत्या परत शेडवर जायचं म्हणत असतील तर खुर्ची आणि उंच टेबलावर निवडण्याची सोय आहे का ते मालकांना विचारा. काही शेडवर तशी सोय आता करतात.

प्रश्न : मी साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या त्या ओळीवरून शोधाशोध केली तर डर्कम हे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर होते असं वाचायला मिळालं. हे तेच का? आणि त्यांनी एवढा एकच शोध लावला का?

उत्तर : हो, तेच. २ ऑक्टोबर १९१९ रोजी वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला आणि शरीराची डावी बाजू गेली, तेव्हा फिलाडेल्फियाहून डर्कम यांना बोलावून घेतलं होतं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एडिथ यांनी पुढे लिहिलं, की विल्सन यांनी राजीनामा देऊ नये असा सल्ला डर्कम यांनीच दिला. जनतेपासून आजार लपवण्यात डॉक्टरांचा किती वाटा होता, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. मला स्वतःला त्या प्रकरणापेक्षा त्यांचं तरुणपणचं एक काम जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून ते मुद्दाम सांगते.

१८८०च्या दशकाच्या मध्यावर एडवर्ड मायब्रिज हे छायाचित्रकार पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसांच्या आणि प्राण्यांच्या हालचालींची ओळीने छायाचित्रं टिपत होते. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात, हे दाखवणारे ते हेच. डर्कम यांनी मज्जासंस्थेच्या आजारांमुळे चाल बिघडलेल्या रुग्णांना त्यांच्या कॅमेऱ्यांपुढे चालवलं. लंगडणं, झोकांड्या, पाय फेकत चालणं हे डोळ्याला क्षणभर दिसतं आणि निसटतं. ते त्यांनी एकेक चित्र करून धरून ठेवलं. चित्रपटाचा जन्म व्हायला अजून दहा वर्षं होती. आता १८८८ची ती बाई आठवा. ज्या माणसाला रुग्णाची चाल टप्प्याटप्प्याने पाहण्याची सवय होती, त्याने तिच्या अंगावरच्या चरबीचीही जागा न जागा तपासली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

पुढे ते जेफरसन मेडिकल कॉलेजमध्ये मज्जा आणि मनोविकारांचे प्राध्यापक झाले. १९३१ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या बैठकीत, अध्यक्षस्थानी असतानाच, त्यांचा मृत्यू झाला. तुम्हाला पुढे वैद्यकात किंवा संशोधनात जायचं असेल तर त्यांचे १८८८ आणि १८९२चे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा. जुने असल्यामुळे ते इंटरनेटवर मोफत मिळतात. पहिल्या लेखातला अंदाज चार वर्षांनी पुराव्यानिशी कसा बदलला, ते तिथे पानोपानी दिसतं.

प्रश्न : मी पलूसचा, वय ४१. माझ्या दोन्ही हातांवर आणि पोटावर वीसेक गाठी आहेत. वडिलांनाही अशाच होत्या. दुखत नाहीत, पण तुमचा लेख वाचून घाबरलोय. मलाही तोच आजार का?

उत्तर : घाबरू नका. गाठी दुखत नाहीत, वडिलांना होत्या आणि हातांवर सारख्या विखुरलेल्या आहेत, एवढ्यावरून तुमचा प्रकार घराण्यातून येणाऱ्या साध्या लायपोमांचा वाटतो. तो पुरुषांमध्ये पुष्कळ दिसतो. डॉक्टरांना एकदा हाताने तपासू द्या, म्हणजे खात्री होईल.

दुसराही एक आजार लोक यात मिसळतात. १८८८ मध्येच, म्हणजे डर्कम यांच्याच वर्षी, जर्मनीतले शल्यविशारद ओटो माडेलुंग यांनी मानेभोवती आणि खांद्यांवर दोन्ही बाजूंनी सारख्या वाढणाऱ्या चरबीचं वर्णन केलं. त्याआधी १८४६ मध्ये लंडनच्या बेंजामिन ब्रॉडी यांनीही ते पाहिलं होतं. त्या आजारात चरबी दुखत नाही आणि तो बहुतेक करून वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्या पुरुषांमध्ये आढळतो. तुमच्या मानेवर काही नसेल तर तो विचार सोडून द्या. आणि ज्या बायकांचे दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जाड होतात, दाबलं की दुखतात, पण पावलं मात्र सुटसुटीत राहतात, त्यांनी लिपिडिमा तपासून घ्यावा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स यांनी तो १९४० मध्ये वर्णन केला. डर्कमच्या आजाराशी त्याचा गोंधळ फार होतो.

तुमच्या गाठी कापायची गरज नाही, पण त्यांच्यावर लक्ष ठेवा. एखादी ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली, थोड्या महिन्यांत भराभर वाढली, टणक लागायला लागली, खाली स्नायूला चिकटून हलेनाशी झाली किंवा नव्याने दुखायला लागली, तर थांबू नका. त्याच आठवड्यात शल्यविशारदांना दाखवा आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय झाल्याशिवाय ती कुणाला कापू देऊ नका. काढली तर काढलेली गाठ तपासायला पाठवली का, हे स्वतः विचारा आणि रिपोर्टची प्रत घरी जपून ठेवा.